हार्वी डाइकहाऊसची तीन बटणं

हार्वी डाइकहाऊसने आयुष्याची अडतीस वर्षं खुर्चीत बसून काढली. हे त्याच्या आळसाचं वर्णन नाही, नोकरीचं आहे. ग्रँड रॅपिड्सजवळच्या एका कारखान्यात ऑफिसच्या खुर्च्या बनत, तिथे तो तपासनीस होता. खुर्ची तयार झाली की हार्वी तिच्यावर बसायचा, डावीकडे झुकायचा, उजवीकडे झुकायचा, मागे रेलायचा, आणि ती जरा जरी कुरकुरली तरी परत पाठवायचा. निवृत्त झाल्यावर बसायला नव्या खुर्च्या येईनात, तेव्हा त्याने उरलेलं जग तपासायला घेतलं. चर्चमधला बाक कुरकुरला की प्रवचन चालू असतानाच तो खाली वाकून स्क्रू चाचपायचा. पाद्र्याला वाटायचं, काय हा माणूस, प्रार्थनेत अगदी बुडून जातो.

घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूचं मॅन्युअल त्याच्याकडे तारखेनिशी लावून ठेवलेलं असतं. टोस्टर जळून कचऱ्यात गेला त्याला बारा वर्षं झाली, मॅन्युअल अजून आहे. त्याची बायको आर्डिथ सांगते की लग्नात तिच्याबरोबर मॅन्युअल आलं नाही, एवढी एकच तक्रार त्याने सत्तेचाळीस वर्षांत केली. तिच्या तक्रारी किती होत्या हे कोणी विचारलं नव्हतं, आणि न विचारता बोलायची आमच्या गल्लीत पद्धत नाही.

गेल्या नोव्हेंबरात, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, हार्वीने नवी गाडी घेतली. जुनी देताना त्याने ती धुतली, चटया झटकल्या, दारांच्या कप्प्यांतली पेपरमिंटची वेष्टनं काढली, सुटं चाक तपासलं, आणि डोक्यावरच्या पट्टीला खोचलेला गॅरेजचा रिमोट तसाच ठेवून किल्ली विक्रेत्याच्या हातात दिली. हे घरी आल्यावर, स्वतःच्या बंद गॅरेजसमोर, त्याच्या लक्षात आलं. परत जाऊन रिमोट मागायचा म्हणजे आपण विसरलो हे सांगायचं. हार्वी गेला नाही.

शिवाय गरजही नव्हती. नव्या गाडीत, मागचं दाखवणाऱ्या आरशाच्या खालच्या कडेला, तीन बटणं होती. जुन्या रिमोटचा इशारा त्यांतल्या एकाला शिकवला की गाडीतूनच गॅरेजचं दार उघडतं, असं विक्रेत्याने सांगितलं होतं. हार्वी म्हणाला, वाचून बघतो. वाचायला त्याने दोन महिने घेतले, कारण गाडीचं मॅन्युअल पाचशे चाळीस पानांचं होतं आणि तो पहिल्या पानापासून सुरुवात करणाऱ्यांपैकी होता. तोपर्यंत रोज तो गाडीतून उतरायचा, दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर चार आकडे दाबायचा, आणि परत गाडीत बसायचा.

डिसेंबरात एका सकाळी, उतारावर बर्फ घट्ट गोठलेलं असताना, तो असाच उतरला आणि गाडीचा गिअर 'पार्क'मध्ये टाकायला विसरला. चौथा आकडा दाबून वळतो तर गाडी रस्ता ओलांडून निघालेली. अगदी सावकाश, एखादी वयस्कर बाई चर्चला जावी तशी. पलीकडे, जरा तिरप्या बाजूला, विल्मा टेरहारची टपालपेटी होती. ती आडवी झाली, गाडी थांबली.

विल्माने कोणाला काही सांगितलं नाही. ती चहाड्या करणाऱ्यांतली नाही. तिने फक्त चर्चच्या प्रार्थना-साखळीत फोन केला आणि हार्वीच्या नजरेसाठी आणि निर्णयशक्तीसाठी प्रार्थना करावी असं सुचवलं. साखळीतल्या बावीस बायकांनी ती विनंती देवाकडे पोचवण्याआधी एकमेकींकडे पोचवली, आणि तिसऱ्या दिवशी ती लान्सिंगला हार्वीच्या मुलीपाशी येऊन थांबली.

मार्ला विमा कंपनीत आहे. लोकांच्या अपघातांत चूक कोणाची होती हे ती दिवसभर ठरवते, त्यामुळे घरच्या अपघाताला तिला फारसा वेळ लागला नाही. जानेवारीत तिने फोन केला. शनिवारी येते म्हणाली. मला कॉफी प्यायला तुझ्या गाडीतून घेऊन जा, आणि परत आण. परत आल्यावर गॅरेज गाडीत बसून उघडलंस तर किल्ली तुझी. दारासाठी खाली उतरावं लागलं तर किल्ली माझी, गाडीही मी लान्सिंगला घेऊन जाईन. तिची मुलगी ऑगस्टपासून विद्यापीठात जाऊ लागली होती आणि तिला गाडीची गरज होती, पण त्याचा आणि ह्याचा काही संबंध नाही, असं मार्लाने स्वतःहूनच दोनदा सांगितलं.

म्हणजे प्रश्न एका बटणाचा राहिला. आमच्याकडे जानेवारीत गाडी नसलेला माणूस म्हणजे खिडकीतली कुंडी. कोणीतरी पाणी घालतं, कोणीतरी उन्हाकडे वळवून ठेवतं. हार्वीला कुंडी व्हायचं नव्हतं.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता त्याने काम सुरू केलं. आर्डिथने स्वतःच्या गाडीतला रिमोट काढून पुढे केला. हार्वीने तो घेतला नाही. चालणाऱ्या वस्तूला हात लावायचा नाही हा कारखान्याचा नियम होता. त्याने स्वयंपाकघरातल्या खणातून एक करडा रिमोट काढला. हा आपला जादाचा, असं म्हणाला.

तो त्यांचा नव्हता. तो समोरच्या लव्हर्न पोस्टमाचा होता. पोस्टमा नवराबायको थंडीचे चार महिने फ्लोरिडात काढतात, आणि घरावर लक्ष राहावं म्हणून चार वर्षांपूर्वी त्यांनी आपला रिमोट हार्वीकडे ठेवायला दिला होता. हार्वीने त्यावर नावाची चिठ्ठी छापून चिकटवलीही होती. मधल्या काळात गोंद वाळला, चिठ्ठी सुटली, आणि खणाच्या तळाशी रबरबँडांखाली जाऊन पडली.

हार्वीने रिमोट तपासला. बटण दाबलं की त्याचा लाल दिवा लागत होता. पास. मग तो गाडीत जाऊन बसला. दोन टोकांची बटणं एकदम वीस सेकंद धरून आरशाची जुनी आठवण पुसली. पास. रिमोट आरशाच्या एका बटणापासून दोन इंचांवर धरला आणि रिमोटचं नि आरशाचं बटण एकदम दाबलं. आरशाखालचा दिवा आधी सावकाश लुकलुकला, मग स्थिर झाला. मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं की दिवा स्थिर झाला म्हणजे शिक्षण पूर्ण. हार्वीने पेन्सिलीने त्या ओळीसमोर बरोबरची खूण केली. चष्मा दुहेरी भिंगांचा असल्यामुळे तो एवढासा दिवा दिसायला त्याला आरसा छताकडे वळवावा लागला होता. हीटर जोरात चालू होता. डोक्यावर कान झाकणारी टोपी होती.

त्याने बटण दाबलं. समोरचं दार हललं नाही.

मागचं हललं. रस्त्यापलीकडे, त्याच्या बरोबर पाठीमागे, पोस्टमाच्या गॅरेजचं दार वर गेलं. पोस्टमाचं यंत्र तीस वर्षांपूर्वीचं, स्वभावाने भोळं. ओळखीचा इशारा मिळाला की ते उघडतं, विचारत बसत नाही. हार्वीचं नव्या जातीचं, संशयी. त्याला छताला टांगलेल्या मोटरवरचं एक बटण दाबून आधी गाडीची रीतसर ओळख करून द्यावी लागते. हार्वी स्वतःच्या दाराकडे बघत बटण दाबत राहिला, आणि त्याच्या पाठीमागे पोस्टमाचं दार उघडत राहिलं, मिटत राहिलं.

मी शेजारच्या घरातून हे बघत होतो. त्याला सांगायलाच निघालो होतो, खरंच. तसं आमच्या गल्लीत माणसाला त्याची चूक सांगत नाहीत. ती त्याच्या लक्षात येईपर्यंत थांबतात, आणि नाहीच आली तर त्याच्या अंत्यविधीनंतर हॅमचे पाव खाताना तिचा प्रेमाने उल्लेख करतात. पण मी सांगणार होतो. बूट घातले, कोट घातला, दार उघडलं. तेवढ्यात हार्वी वैतागून सूप प्यायला आत गेला. दाबण्याचा आकडा विषम झाला होता, त्यामुळे पोस्टमाचं गॅरेज सताड उघडं राहिलं होतं. आणि त्याच्या डाव्या भिंतीला माझी शिडी टांगलेली होती.

इथे लव्हर्न पोस्टमाबद्दल सांगायला हवं. तो आमच्या चर्चचा डीकन, म्हणजे निवडलेला सेवक-कारभारी आहे, आणि मी पाहिलेला सगळ्यात सज्जन मागणारा आहे. वस्तू मागताना तो इतका संकोचतो की ती त्याने मागायच्या आधीच आपण का नाही नेऊन दिली, अशी आपल्यालाच लाज वाटते. वस्तू तो उसनी नेतो, आणि नंतर त्या वस्तूचा विषय निघत नाही. तो काढत नाही, आणि आपली वस्तू परत मागणं आमच्यात असभ्य समजतात. माझी चोवीस फुटी शिडी नऊ वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून मी छपराची पन्हळ खुर्चीवर खुर्ची ठेवून साफ करत होतो.

आता ती शिडी दिसत होती. तिच्या शेजारी विल्माच्या कैलासवासी नवऱ्याचं बर्फ उडवायचं यंत्र होतं. विल्मा सहा हिवाळे हाताने बर्फ काढते आहे, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षापासून. त्यामागे एका फळीवर चर्चची शंभर कपांची कॉफीची किटली चकाकत होती. ती हरवली तेव्हा चौकशीसाठी समिती नेमली होती. समितीचा अध्यक्ष पोस्टमा होता. समितीने किटली सापडत नाही असा निष्कर्ष काढला होता, आणि अध्यक्षांचे आभार मानले होते.

मी रस्ता ओलांडला. हार्वीच्या घराकडे न वळता ओलांडला. शिडी खांद्यावर घेऊन बाहेर पडतो तर विल्मा हातमोजे चढवत यंत्र न्यायला आत येत होती. आम्ही एकमेकांना हवेबद्दल विचारलं. तिच्या मते रात्री आणखी बर्फ पडणार होतं. मी म्हणालो, वाटतंय खरं.

त्या दिवशी गल्लीत बरीच रहदारी झाली. किटलीसुद्धा गेली. रविवारी ती चर्चच्या स्वयंपाकघरात पुन्हा दिसली तेव्हा कोणीही आश्चर्य दाखवलं नाही. कोणी कोणाशी ठरवलं नव्हतं. सगळ्यांना हार्वीला सांगायचंच होतं, फक्त आपापली वस्तू नेल्यावर. आणि आपली वस्तू नेलेला माणूस, शेजाऱ्याची अजून आतच आहे हे माहीत असताना, कसा सांगणार? त्याला शेजारधर्म म्हणतात.

इकडे हार्वीची तपासणी पुढे सरकली होती. रिमोट पास, आरसा पास, तेव्हा दोष छताच्या मोटरमध्येच, असं त्याने ठरवलं. मोटरचं मॅन्युअल काढलं. त्यात लिहिलं होतं की मोटरवरचं बटण एकदा दाबून सोडावं, आणि तीस सेकंदांच्या आत गाडीतलं बटण तीनदा दाबावं. खाली एक ओळ होती की दुसऱ्या व्यक्तीची मदत घेतल्यास सोयीचे. ती ओळ हार्वीने पेन्सिलीने खोडली. आर्डिथ म्हणाली, मी गाडीत बसते, तू वरून सांग. हार्वी म्हणाला की एका माणसाच्या कामाला दोन माणसं लागली तर कारखाना बुडतो.

म्हणून गुरुवारची सगळी दुपार आणि शुक्रवारची सकाळ आम्ही एक बहात्तर वर्षांचा माणूस घरच्या छोट्या शिडीवरून उतरून गाडीकडे पळताना पाहिला. पहिल्या खेपेला एक्केचाळीस सेकंद लागले. दुसऱ्या खेपेला त्याने कोट काढला. तिसऱ्या खेपेला शिडी सरकवून घेतली आणि गाडीचं दार उघडं ठेवलं. शुक्रवारी अकरा वाजता तो अठ्ठावीस सेकंदांत पोचला, सीटवर तिरका आदळला आणि त्याने बटण तीनदा दाबलं. त्याच्या मोटरला ह्या गाडीत काडीचा रस नव्हता. गाडी परक्या भाषेत बोलत होती. रस्त्यापलीकडचं दार मात्र पहिल्या दाबाला आणखी उचललं गेलं, दुसऱ्याला थबकलं आणि तिसऱ्याला खाली आलं. सभेत एखादा बोलायला उठतो, विचार बदलतो आणि बसतो, तसं.

आधीच्या खेपेला ते दार कंबरेइतकं उघडं राहिलं होतं, आणि ते पाहून विल्मा खालून वाकून आत शिरली होती. तिच्या नवऱ्याची हत्यारांची लाल पेटी कोपऱ्यात होती. दार तिच्यामागे बंद झालं. ती वीस मिनिटं अंधारात पोस्टमाच्या घडीच्या खुर्चीवर बसून राहिली आणि एकदाही ओरडली नाही, कारण ओरडली असती तर तिथे काय करत होती हे सांगावं लागलं असतं. हार्वीने पुन्हा पळून दाखवल्यावर ती सुटली. पेटी मात्र जड होती, आतच राहिली.

संध्याकाळी ती केळ्याचा ब्रेड घेऊन हार्वीकडे गेली. हार्वी खचला होता. उद्या मार्ला येणार, आणि मी किल्ली देऊन टाकतो, असं तो म्हणाला. विल्माने त्याच्या हातावर हात ठेवला.

"सोडू नकोस, हार्वी," ती म्हणाली. "उद्या सकाळी आणखी एकदाच दाब. माझं मन सांगतंय."

तिचं मन चाकांची ढकलगाडी घेऊन सकाळी सातपासून तयार होतं. हार्वीने दाबलं. पेटी निघाली.

मार्ला शनिवारी अकराला आली. आईला मिठी मारली, वडिलांच्या गालाला गाल लावला, आणि सगळ्यात आधी विल्माची नवी टपालपेटी बघून घेतली. मग बापलेक कॉफीला गेले. तासाभराने गाडी परत आली, उतारावर चढली आणि बंद दारासमोर उभी राहिली. मी माझ्या बाजूचं बर्फ काढत होतो. ते मी सकाळीच काढलं होतं, पण पुन्हा काढत होतो. विल्मा खिडकीत होती. मार्लाने धुकं धरू नये म्हणून काच थोडी खाली घेतली होती, त्यामुळे ऐकू येत होतं.

हार्वीने बटण दाबलं. दार स्वस्थ. पुन्हा दाबलं. स्वस्थ. मार्ला काही बोलली नाही, ह्याबाबतीत ती आमच्या गल्लीचीच. ती टोपीखालचे केस सारखे करू लागली आणि त्यासाठी तिने छताकडे वळलेला आरसा सहज स्वतःकडे ओढला. हार्वीने तिसऱ्यांदा दाबलं. मार्लाचा हात केसांतच राहिला.

"डॅड, जरा उतर."

"उतरलो की किल्ली जाते."

"बरं, उतरू नकोस. ह्या आरशात बघ आणि बटण दाब."

त्याने बघितलं आणि दाबलं. पोस्टमाचं दार खाली आलं. पुन्हा दाबलं. वर गेलं. त्याने तपासनिसासारखं आणखी दोनदा करून पाहिलं.

"म्हणजे बटण चालतंय," हार्वी म्हणाला.

मार्ला गाडीतून उतरली. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी फावड्याची धार तपासू लागलो. तिने विल्माच्या खिडकीकडे पाहिलं, आणि पडदा पडला. आर्डिथ घरातून कोट सावरत आली होती.

"मॉम, हे कधीपासून चाललंय?"

"गुरुवारपासून."

"तुला माहीत होतं? मग सांगितलं का नाहीस?"

"त्याने विचारलं नाही," आर्डिथ म्हणाली. आमच्याकडे हे पूर्ण उत्तर समजलं जातं.

हार्वी गाडीतच बसून होता. हातातला करडा रिमोट त्याने उलटा केला, जिथे चिठ्ठी असायची तिथला वाळलेला गोंद नखाने खरवडला. मग तो म्हणाला की चूक तपासणीची आहे. वस्तू चालते का हे पाहिलं, आपली आहे का हे पाहिलं नाही. सत्तेचाळीस वर्षांत आर्डिथने हे वाक्य ऐकलं नव्हतं, आणि त्यामागून दुसरंही आलं. त्याने तिचा रिमोट मागितला.

आता सगळं दोन मिनिटांत व्हायला हवं होतं. पण मार्लाला एक मिनिटात हवं होतं. ती बाजूच्या छोट्या दाराने गॅरेजमध्ये शिरली, मोबाइलवर बघत शिडीवर चढली, मोटरवरचं बटण तिने अंगठ्याने दाबलं, आणि बापाला घाई नको म्हणून चांगलं दाबून धरलं. मोटरचा दिवा विझला. आर्डिथने रिमोट दाबला, काही नाही. चौकटीवरचे आकडे दाबले, काही नाही.

"किती वेळ धरलंस?" हार्वीने गाडीतून विचारलं.

"दिवा जाईपर्यंत."

"सहा सेकंदांच्या वर धरलं की ती सगळ्यांना विसरते. पान अठरा."

तो आवाज चढवून बोलला नाही. मी असतो तर चढवला असता. मग पुढची वीस मिनिटं त्या घरात पहिल्यांदाच एका कामाला तीन माणसं लागली. हार्वीने गाडीच्या बटणाला आर्डिथच्या रिमोटचा इशारा शिकवला. मार्ला शिडीवर, आर्डिथ बाजूच्या दारात निरोप पोचवायला, हार्वी गाडीत. दाब. सोड. आता तू. एक, दोन, तीन. कारखान्यातले हुकूम द्यायचा तसे तो देत होता, आणि विमा कंपनीत पन्नास माणसांची वरिष्ठ असलेली त्याची मुलगी ते निमूटपणे पाळत होती. दार कण्हलं आणि वर गेलं. गाडीतून, बसल्याजागी.

हार्वीने बोटाने स्वतःच्या पायांकडे दाखवलं. ते गाडीतच होते.

मार्ला शिडीवरून उतरली आणि त्याच्या खिडकीपाशी येऊन उभी राहिली. ती म्हणाली की ठरल्याप्रमाणे तू जिंकलास, मान्य आहे. मग आवाज खाली आणून तिने जे म्हटलं ते विनोदी नव्हतं.

"डॅड, तीन दिवस तुझ्या पाठीमागे सोळा फुटांचं दार हलत होतं आणि तुला दिसलं नाही. दाराच्या जागी रस्ता ओलांडणारी विल्मा असती तर?"

हार्वीने गिअर 'पार्क'मध्ये आहे ना ते तपासलं. त्याने इंजिन बंद केलं. किल्ली काढली. ती हातात धरून थोडा वेळ बघितली, आणि खिडकीबाहेर केली. मार्लाने हात पुढे केला.

"इकडे दे," आर्डिथ म्हणाली.

बापलेकीने एकदमच तिच्याकडे पाहिलं.

"मॉम, तू हिवाळ्यात गाडी चालवत नाहीस."

"चालवू दिली नाही कोणी. माझी गाडी मी दुकानापर्यंत नेते ती हा घरात नसतो तेव्हा. असतो तेव्हा मी शेजारी बसते." ती हार्वीकडे वळली. "मी गुरुवारीच बोलले असते तर तुझं बटण गुरुवारीच लागलं असतं, मार्लाने किल्ली तुझ्याकडेच ठेवली असती. मला तुझ्याशेजारी बसायची भीती वाटते, हार्वी. तीन वर्षं झाली. आपण वळतो तेव्हा मी दाराची मूठ धरून बसते, आणि तू विचारतोस, थंडी वाजतेय का."

"मग सांगितलं का नाहीस?"

"आता सांगितलं ना."

मार्लाचा हात अजून पुढेच होता. तो तिने खिशात घातला. नात विद्यापीठात बसनेच जाते, असं पुढे कळलं.

हार्वीने किल्ली आर्डिथला दिली. देताना एकच प्रश्न विचारला.

"आणि बटण?"

"बटण तुझं."

ह्यावर मार्लाकडे हरकत घ्यायला काही उरलं नव्हतं. आई-वडिलांनी तिच्यासमोर केलेला तो बहुधा पहिलाच व्यवहार होता.

पोस्टमाचं दार अजून उघडं होतं. हार्वी करडा रिमोट घेऊन चालत पलीकडे गेला, बंद करण्याआधी दारात उभा राहिला, आणि आत बघत राहिला. इतकं रिकामं गॅरेज आमच्या गावात कोणी पाहिलं नसेल. एका खिळ्याला छपरावरचं बर्फ ओढायचं लांब दांड्याचं फावडं उरलं होतं, आणि त्याच्या दांड्यावर छापील चिठ्ठी होती, डाइकहाऊस. हिचा गोंद शाबूत होता. हार्वीने ते खाली काढलं. दोन पावलं बाहेर आणलं. मग परत आत गेला, ते खिळ्याला लावलं आणि दार बंद केलं. मी माझ्या नव्याने परतलेल्या शिडीपाशी उभा होतो. तो जाताना म्हणाला की मालक घरी नसताना बरं दिसत नाही, एप्रिलमध्ये आला की मागेन. मी मान डोलावली. दुसरं काय करणार होतो?

रविवारी चर्चहून परत येताना सगळी गल्ली ह्या ना त्या कारणाने बाहेर होती. आर्डिथ चालवत होती, दोन्ही हात चाकावर, पाठ ताठ. वळणावर तिने वेग कमी केला नाही, उलट थोडा वाढवल्यासारखा मला वाटला. हार्वीने शेजारच्या दाराची मूठ धरली होती. गाडी उतार चढून दारासमोर थांबली. हार्वीने मूठ सोडली, हात वर केला, आरशाखालचं डावीकडचं बटण दाबलं आणि दार वर जाताना बघू लागला.

"जाऊ का?" आर्डिथने विचारलं.

त्याने हाताने थांबवलं. दार पूर्ण वर जाऊन मोटर शांत होईपर्यंत थांबायचं, असं तो समजावून सांगू लागला. कारण काय, तर शेवटच्या फुटाला साखळीवर ताण येतो. तो कसा येतो हे त्याने दोन्ही हातांनी दाखवलं, आणि दाखवून झाल्यावर म्हणाला, आता जा.

तोपर्यंत आर्डिथ त्याच्यासकट गाडी आत लावून, पर्स घेऊन, घरात गेली होती.